बाभळीपासून डावीकडे

प्रिय रिहाम,

तुझा नकाशा पोचला. स्वेलिमनं तो माझ्या मांडीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि तुझी लाल रेघ बोटानं दाखवत गेला. ही वस्ती, ही बाभूळ, ही खिंड आणि फिरून पुन्हा ही वस्ती. मी बराच वेळ बघत बसले. सबंध दिवसाची वाट, आणि कागदावर अंगठीएवढी. मग मी त्याला विचारलं, यात शेळ्या कुठं आहेत? तो म्हणाला, नकाशात शेळ्या नसतात. मग ही वाट कुणी पाडली म्हणायची, तुमच्या पेन्सिलीनं? अगं पोरी, उंटावरून शेळ्या हाकू नयेत म्हणतात. तू तर इस्माइलिया शहरात चौथ्या मजल्यावर बसून हाकते आहेस, आणि त्याही शेळ्यांशिवाय.

हे पत्र मी सांगते आहे आणि स्वेलिम लिहितो आहे. तुझ्या आजोबांचा पुतण्या, आमच्या कुंपणापलीकडचा. वस्तीत अक्षरं येणारे आता पुष्कळ झालेत, पण ते सगळे फोनच्या काचेवर लिहितात. कागदावर सरळ ओळ काढणारा हाच एक, सैन्यातून शिकून आलेला. आणि हो, तोच हा स्वेलिम. तुझ्या आईचं लग्न ज्याच्याशी लागलं होतं आणि ज्याला ती सापडली नाही, तोच. नाव वाचून दचकली असशील तर दचक, पण पुढं वाच. मी जे सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, मध्ये स्वतःचं शहाणपण कालवायचं नाही, अशी शपथ मी त्याला दाढीवर हात ठेवून घ्यायला लावली आहे. दाढी पांढरी झाली आहे, म्हणून शपथही पक्की धरायला हरकत नाही. हेसुद्धा लिही रे.

तू कळवलंस, रमजानच्या आधीच्या गुरुवारी येतेस, एकटी. आई येणार नाही. मी चार वेळा निरोप धाडला आणि चार वेळा तू तेच सांगितलंस, आई येणार नाही. सत्तावीस वर्षं झाली. तिचा नवरा भला माणूस, तो नको म्हणत नाही. इथं कुणी तिच्यावर डोळे वटारत नाही. तरी ती येत नाही. मला ती एकदा या वाटेवर चालताना बघायची आहे. माझे गुडघे आता दर थंडीला थोडे थोडे रजा घेतात. पुढच्या वर्षी त्यांनी कायमचीच घेतली तर मी काय त्यांना शेपटाला धरून ओढणार? म्हणून हा गुरुवार. आणि म्हणून हे पत्र जरा लांबेल.

आधी वाटेचं बघू. तू बाभळीपासून डावीकडे रेघ ओढली आहेस. चुकलीस. डावीकडं माळ आहे. सकाळभर ऊन तिथं तव्यासारखं पडतं, आणि मग दुपारी तू घळीत शिरणार, तोवर घळीचे दगड भट्टी झालेले. आपण उजवीकडून जायचं. सकाळी लाल डोंगराची सावली घळीत असते, पाण्यासारखी गार, पाय बुडवून चालल्यासारखं वाटतं. दुपारी खिंडीत बसायचं. उतरून माळावर आलो की तोवर दिवस कलून डोंगर आपली सावली माळावर टाकतो. घरी येईपर्यंत तो आपल्यासोबत चालतो. ही वाट अशीच चालायची असते. दिवसाच्या हाताला धरून, त्याच्यापुढं नाही आणि मागंही नाही. आम्ही मुली असताना शेळ्या घेऊन रोज हेच वर्तुळ चालायचो. पुरुषांना उंटांच्या वाटा माहीत, त्या लांबच्या, सरळ, कुठंतरी पोचणाऱ्या. आमची वाट कुठंच पोचत नव्हती. संध्याकाळी घरी आणून सोडायची, एवढंच तिचं काम.

हल्ली दुपारी मी सावलीत आडवी होते आणि डोळे मिटले की पाय चालू लागतात. खरं सांगते, गुडघे दुखत नाहीत तेव्हा. वस्तीच्या खालच्या अंगाला वाळू निघते, मैद्यासारखी. मग बाभूळ. मग घळ. घळीत भिंती इतक्या जवळ येतात की वर आभाळाची एक निळी दोरी तेवढी उरते. कधी त्या दोरीवरून गिधाड जातं आणि भिंतीवर सावली उतरून चढते. पुढं एका ठिकाणी दगड कायम ओलसर असतो. गाल टेकला की गार लागतो आणि आत कुणीतरी गुणगुणतं आहे असं वाटतं. पाणी असेल, किंवा माझेच कान. शेळ्या माझ्या पुढं असतात, पण त्या आत्ताच्या नसतात. साठ वर्षांपूर्वीची ती एका शिंगाची काळी असते, मध्येच वळून माझ्याकडं बघते, जणू विचारते, आज किती उशीर केलास. मी म्हणते, येते गं बाई. आणि कुणीतरी चहासाठी हाक मारतं आणि मी चटईवरच असते.

तर पाणी माणशी चार बाटल्या. खजूर माझे. बूट मागच्यासारखे आणू नकोस, ते चमकणारे. तू चालत होतीस तेव्हा वाळूत जणू ट्रकचं चाक गेलं होतं. मला माणसाचं पाऊल बघायला आवडतं. तुझं पाऊल मी मागच्या हिवाळ्यात, तू न्हाऊन अनवाणी आलीस, तेव्हा पहिल्यांदा बघितलं. करंगळी जरा बाहेर. मी आत गेले आणि उगाच भांडी लावत बसले. तुझ्या आईची, फ्रेजाची करंगळी तशीच. माझी मुलगी अंगणातून चालत गेल्यासारखं वाटलं मला.

त्याच हिवाळ्यात तू मला विचारलं होतंस ना, चूल फुंकता फुंकता, सहज विचारल्यासारखं? आई म्हणते की तिच्या आईनंच तिचा माग काढून दिला, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, हे खरं का? मी धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त केलं. आता चूल नाही आणि धूरही नाही. सांगते.

आमच्यात लग्नाच्या संध्याकाळी नवरीच्या अंगावर नवऱ्याचा झगा टाकतात. कोण टाकतंय ते तिला दिसू नये असं मागून येऊन टाकतात. ती किंचाळते, रडते, झटकून टाकते आणि रात्र व्हायच्या आत डोंगरात पळून जाते. पळायचंच असतं. न पळणारी नवरी म्हणजे वर्षभर चेष्टा. दुसऱ्या दिवशी नवरा शोधायला निघतो. तिच्या मैत्रिणींना आणि आईला ती कुठं लपली ते ठाऊक असतं, त्या चोरून खाणंपिणं पोचवतात आणि त्याला भलतीकडं पाठवतात. मग एखाद्या झुडपावर ओढणीचा धागा दिसतो, कुठं दगडावर मणी ठेवलेला असतो. नवरा मनात भरला असेल तर धागे लवकर सापडतात. मी स्वतः पळाले होते. दीड दिवस कपारीत बसले, कंटाळा आला, तुझे आजोबा औदा खालून तिसऱ्यांदा गेले आणि तरी वर बघेनात, तेव्हा मी खोकले. त्यांनी जन्मभर मला ऐकवलं की त्यांनी मला शोधलं. मीही ऐकून घेतलं. संसारात एवढं करावं लागतं.

आता बघ, ज्या गावात प्रत्येक नवरी नको नको म्हणत पळते, तिथं एखादी खरंच नको म्हणून पळाली तर कळणार कुणाला? फ्रेजानं मला आधी सांगितलं होतं. आम्ही दोघी लोकर पिंजत होतो. ती म्हणाली, आई, मला स्वेलिम नको, वाईट नाही, पण नको. मी हसले. म्हणाले, मीही हेच म्हणाले होते, खोकायला विसरू नकोस म्हणजे झालं. ती लोकर पिंजत राहिली. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. मी माझ्या मुलीचा नकार ऐकला आणि त्यातून मला माझाच जुना खेळ ऐकू आला.

संध्याकाळी तिच्या अंगावर झगा टाकला तो मीच. ती ओरडली नाही. उठली आणि गेली. बायका म्हणाल्या, काय सुरेख पळाली.

सकाळी मी खजूर आणि पाण्याची पखाल घेऊन ठरलेल्या कपारीपाशी गेले. ती तिथं नव्हती. तिची पावलं कपारीवरून सरळ पुढं गेली होती, जरासुद्धा न थबकता. मी वाकून बघत गेले. सापडायला निघालेल्या पोरीचं पाऊल मागं वळून वळून बघतं, वळताना टाच फिरते आणि वाळूत अर्धा चंद्र उमटतो. मी बाभळीपर्यंत गेले, बाभळीपासून उजवीकडं घळीत गेले, आणि एकही चंद्र नव्हता. तिथं मला कळलं. वाळूनं मला सांगितलं ते, जे माझ्या पोरीनं तोंडानं सांगून मला कळलं नव्हतं.

मी काय केलं ते तुझ्या आईला माहीत नाही, आणि आत्तापर्यंत या लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मी परत आले, शेळ्या सोडल्या आणि सगळा कळप तिच्या पावलांवरून घळीत नेला. पार खिंडीखालच्या कपारीपर्यंत, मागं तिचं एक पाऊल उरलं नाही. पखाल आणि खजूर तिथं ठेवले, दगडाआड, शोधणाऱ्याला न दिसतील पण लपणारीला दिसतील असे. ती तुला सांगते ना, मैत्रिणीनं पाणी ठेवलं होतं म्हणून? राहू दे. मैत्रिणीनंच म्हण.

इथं स्वेलिमनं लेखणी थांबवली आहे. मी म्हटलं, शपथ. तो लिहितो आहे.

ती दोन दिवस तिथंच होती. खिंडीपलीकडं उतरलं की डांबरी रस्ता, आणि त्यावरून मासळीची गाडी आठवड्यातून एकदाच जायची, गुरुवारी. तिनं ते मोजून ठेवलं असणार. हुशार आहे, माझ्यावर गेली आहे. पण तिसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारीच, वस्तीतल्या माणसांचा धीर सुटला. चेष्टा वाढली. स्वेलिमच्या भावांनी त्याला म्हटलं, अरे, बायको शोधतोस की हरवलेली सुई? आणि सगळे माझ्याकडं आले. या भागात माग वाचावा तर सब्हानं, असं तेव्हा लोक म्हणत. आई झाली म्हणून काय, आता पुरे झाला खेळ, चल, दाखव. नाही म्हटलं असतं तर त्यांनी स्वतःच घळ धुंडाळली असती. मी काठी घेतली आणि पुढं झाले. बाभळीपाशी आले. घळीच्या तोंडावर उंच कट्टा आहे, तू मागच्या वेळी तिथं बसून फोटो काढत होतीस, तिथं ती असणार, कोण येतं ते बघायला कपारीतून आलेली. मला दिसली नाही. पण तिला मी दिसले. तिला दिसली तिची आई, पुरुषांच्या पुढं चालणारी, वाकून वाळू बघणारी आणि मग हात उचलून वाट दाखवणारी. वरून हात कुठल्या बाजूला उचलला ते कळत नाही. वरून फक्त हात दिसतो. ती तिथूनच पळाली असेल.

फ्रेजा, मी डावीकडं दाखवलं होतं.

मी त्यांना माळावरून नेलं. पावलं नव्हतीच, मी हवेतली पावलं वाचली. इथं थांबली बघ, इथं तिला काटा रुतला, इथं बसून काढला. असं खोटं मी आधी कधी बोलले नव्हते आणि इतकं छानही कधी बोलले नव्हते. वाट गोल, त्यामुळं माळावरून जाऊनही खिंड येतेच. फक्त असं थांबत थांबत गेलं की अर्धा दिवस उशिरा येते. त्या अर्ध्या दिवसासाठीच मी चालत होते. उन्हात सगळा माळ हलत होता, पुढं पाणी असल्यासारखं दिसत होतं, आणि मला वाटत होतं की हे पाणी असंच पुढं सरकत राहावं आणि आम्ही कधीच पोचू नये. खिंडीत पोचलो तेव्हा दिवस कलला होता. रस्ता रिकामा होता. मी सगळ्यांबरोबर छाती पिटून रडले, आणि ते रडणं तेवढं खरं होतं. कारण तोवर मला वाटत होतं की मी मुलीला सोडवते आहे. तिथं पोचल्यावर कळलं की मी तिला घालवली आहे.

महिन्याभरानं स्वेलिमनं चारचौघांत तिला मोकळी केल्याचं सांगितलं, शांतपणे, जणू वारा पडला आहे असं सांगावं तसं. पुढं त्यानं लग्न केलं, पाच मुलं झाली. पण नाव पडलं ते पडलं. ज्याला स्वतःच्या बायकोचा माग लागला नाही तो. अजून लग्नसमारंभात कुणी ना कुणी ते काढतंच. आणि हाच माणूस औदा गेल्यापासून माझं छप्पर शाकारतो, माझ्या शेळ्यांना पाणी दाखवतो, काकू काकू करत सकाळी दारात उभा असतो. मी फ्रेजाला खरं कळवायचं म्हणजे याला फसवल्याचं कबूल करायचं. एकीला सांगावं तर दुसऱ्याचा घास घशात अडकतो. म्हणून मी सत्तावीस वर्षं गप्प बसले. माझ्यासारखी बोलकी बाई! विचार कर, केवढं वजन असेल त्याचं.

मघाशी हे सांगून झालं आणि मी थांबले. मला वाटलं, आता हा कागद फाडेल. त्यानं लेखणी ठेवली, नकाशावरचे खडे उचलून एकाजवळ एक रचले आणि म्हणाला, “काकू, त्या साली घळीत गवताची काडी नव्हती. तुमच्या शेळ्या तिथं काय खडे खायला गेल्या होत्या?”

मी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, “घळीच्या तोंडाशी खूर दिसले मला. तुम्ही हात डावीकडं केलात आणि मी आलो मागं.”

मग बरंच बोलला, तुकड्यातुकड्यांनी. तीन दिवस त्यानं प्रत्येक झुडूप बघितलं होतं, एखादा धागा तरी असेल म्हणून. नव्हता. त्याला माझ्याआधीच कळलं असावं. पण भावांसमोर काय सांगणार, की तिला मी नको आहे? त्यापेक्षा माग लागला नाही हे बरं. माग न लागणाऱ्या माणसाला लोक हसतात, नको असलेल्याची कीव करतात. त्याला हसणं परवडलं. म्हणजे बघ, त्या माळावर आम्ही दोघं जण दिवसभर खोटी पावलं वाचत चाललो होतो, मी पुढं आणि तो मागं, आणि दोघंही एकमेकांना फसवलं म्हणून सत्तावीस वर्षं मान खाली घालून चहा पीत होतो. हे लिहायला तो तयार नव्हता. म्हणे, हे माझं आहे, तुमच्या पत्रात कशाला? मी दाढीकडं बोट दाखवलं.

आता तू म्हणशील, आजी, फोन आहे की. दोन मिनिटांत झालं असतं. नसतं झालं. फोनवर मी गोड बोलले असते आणि फ्रेजाला त्या गोडव्यामागं पुन्हा पुरुष उभे दिसले असते. माझ्या बोलण्यावर तिनं विश्वास का ठेवावा? तिनं तिच्या डोळ्यांनी बघितलं आहे. म्हणून मला हे कागदावर हवं होतं, आणि याच्याच हातानं हवं होतं. नाव मुद्दाम तुझं घातलं, कारण तिच्या नावाचं पाकीट तिनं न उघडता कपाटात ठेवलं असतं. तर आता तू एक कर. हे पत्र घेऊन तिच्यापुढं बस आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच, शेळ्यांसकट, खोकण्यासकट, माझ्या हसण्यासकट. मग कागद तिच्या हातात दे. अक्षर कुणाचं ते तिला कळेल. लग्नाच्या कागदावर त्यानं सही केली तेव्हा ती बाजूलाच बसली होती. ये म्हणून मी सांगत नाही. तिला एकदा न ऐकता मी पुष्कळ सांगून बसले आहे. या वेळी ती नाही म्हणाली तर मला नाहीच ऐकू येईल, तिला सांग. फक्त बुधवारपर्यंत कळव, म्हणजे गुरुवारी खिंडीत राखेत भाजायच्या रोट्यांसाठी पीठ दोघींचं घेऊ की तिघींचं, ते मला समजेल.

तुझीच आजी,
सब्हा
अंगठा माझा, अक्षर स्वेलिमचं